आधीच भरून ठेवलेल्या सकाळी

आईने तिला आधीच बजावलं होतं. तेव्हा ते बजावणं वाटलं नव्हतं, आईची नेहमीची कुरकुर वाटली होती.

"मला एवढंच सांग," आई फोनवर म्हणाली होती, "सकाळी उठून तुझं लिहिलेलं वाचते तेव्हा मी म्हणते, चला, लेक उठली, पोरं धडधाकट आहेत, हिला लिहायला सुचतंय म्हणजे घर ठिकाणावर आहे. आणि आता तू म्हणतेस, ते गेल्या रविवारी लिहिलेलं होतं?"

"हो. वेळ लावून ठेवते मी. सकाळी सात वाजले की आपोआप जातं."

"आणि तू अंथरुणात तापाने फणफणत असलीस तर?"

"तरी जाणार. तीच तर गंमत आहे."

"मला नाही बाई गंमत वाटत. तुझं तिकडे काहीही होवो, मी इकडे वाचून हसत बसायचं!"

"आई, तू पण ना!" असं म्हणून तिने विषय झटकला होता. पण फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत, एका हाताने धाकट्याचं नाक पुसणं चालू, अशा अवस्थेत झटकलेला विषय जाऊन जाऊन कितीसा लांब जाणार? तो तिथेच कुठेतरी सोफ्याखाली जाऊन बसला, हरवलेल्या मोज्यांच्या शेजारी.

ती ब्लॉग लिहायची. 'उतू जाण्याआधी' हे त्याचं नाव, थोरलीच्या वेळी गॅसवर दूध आणि मांडीवर बाळ असताना सुचलेलं. कॉलेजात सगळे म्हणायचे, ही लिहिणार. तिलाही तसंच वाटायचं. मग नोकरी, लग्न, थोरली, धाकटा असं एकामागोमाग एक होत गेलं आणि लिहिणं 'सवड मिळाली की' या खुंटीला टांगून राहिलं. शेवटी तिच्या लक्षात आलं, की सवड कुणी घरपोच आणून देत नाही. ती चोरावी लागते.

मग ती चोरायला लागली. धाकटा ढकलगाडीत पेंगायला लागला की एका हाताने गाडी मागेपुढे करत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. वॉशिंग मशीन शेवटची गरगर करत असताना त्याच्यावरच फोन टेकवून. त्या पोस्टमधली वाक्यं जरा थरथरतात असं नवऱ्याचं म्हणणं होतं. तरी पुरेना, तेव्हा रविवारची दुपार ठरली. त्या दुपारी नवरा दोन्ही मुलांना बागेत न्यायचा आणि ती स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून अख्ख्या आठवड्याचं लिहून टाकायची. प्रत्येकाला वार आणि वेळ लावायची. की झालं. आठवडाभर कुणाला ताप येवो, कुणी भिंतीवर रंग फासो, सकाळी सातला तिचं लिखाण नीटनेटकं, भांग पाडून, जगासमोर हजर.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्या इमारतीत कधी कोण अडकेल याचा नेम नसल्यामुळे त्याच्या जेवणाचा डबा आदल्या दिवशीच भरून ठेवावा लागे. त्यावरून या पोस्टनाही घरात 'डबे' म्हणायला लागले होते.

"भरले का गं डबे?" रविवारी संध्याकाळी बूट काढता काढता तो विचारायचा.

"सहा भरले. सातवा तुझ्या मुलाने वेळेआधी परत येऊन सांडला."

मुलाला घरात 'बटण' म्हणत, कारण दिसेल ते बटण दाबल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बापाच्या वळणावर गेला होता. थोरली चार वर्षांची, तिचं नाव 'इन्स्पेक्टर'. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा तोच प्रश्न विचारायची. ही आईच्या वळणावर. कारण आईसुद्धा रोज झोपलेल्या दोन्ही मुलांच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतोय ना ते बघून मगच आडवी व्हायची.

"तू आई आहेस की पहारेकरी?" नवरा म्हणायचा.

"लिफ्ट नीट चालतेय हे माहीत असून तू सारखा दोर का तपासतोस?"

दोर तो खरंच सारखा तपासायचा.

डब्यांची युक्ती तिने एकाच व्यक्तीला शिकवली होती. त्या व्यक्तीला ती 'खिडकी' म्हणायची, आणि ती हिला 'उतूबाई'.

दोघींची ओळख मुलांच्या डॉक्टरांकडे झाली, लस टोचायच्या रांगेत. बटण भोकाड पसरून रडत होता आणि ती त्याला थोपटता थोपटता चोरून फोनवर काहीतरी टिपत होती. शेजारची बाई तिच्याकडे एकटक बघत होती. तिच्या कडेवर एक तान्ही मुलगी, आणि पायाशी लोकरीची टोपी घातलेला तीन वर्षांचा मुलगा.

"तुम्ही पण?" ती बाई म्हणाली.

"काय, मी पण?"

"लिहिता ना? बाळ रडतंय याच्यापेक्षा शब्द सापडत नाहीये याचं जास्त दुःख आहे, असा चेहरा झालाय तुमचा."

एवढं बरोबर ओळखणाऱ्या बाईशी मैत्री करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. तिचा ब्लॉग होता 'चौथ्या मजल्याची खिडकी'. नवरा दूर जहाजावर, महिनोन्महिने पत्ता नाही, आणि ही दोन मुलांसह चौथ्या मजल्यावर. भांडी घासताना खिडकीतून जे दिसेल त्यावर लिहायची. एवढ्याशा चौकोनातून हिला रोज नवं काय दिसतं, याचं उतूबाईला पहिल्यापासून कोडं होतं. भेटी व्हायच्या त्या डॉक्टरांकडे किंवा दोघींना अर्ध्या वाटेवर पडणाऱ्या बागेत. एकमेकींच्या घरी जाणं राहूनच गेलं होतं. दोन-दोन मुलं घेऊन कुणाच्या घरी जायचं म्हणजे बिऱ्हाडच हलवायचं.

मग एका साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा दोघींना निरोप आला. मुलं वाढवणाऱ्या बाईचा एक स्तंभ सुरू करायचाय. तुम्ही दोघीही आवडता. तीन महिने रोज लिहा, एकही दिवस चुकवू नका, मग बघू.

"म्हणजे तुझ्या-माझ्यात कुस्ती," खिडकी बागेत म्हणाली होती.

"तुला मिळालं तर मी जळून खाक होईन."

"जळ. पण वाच हं."

हसून दोघींनी हातावर हात मारला होता. तेव्हापासून मात्र ती खिडकीचं लिखाण नुसतं वाचेना, तपासायला लागली. हेव्याला कुतूहलाचा सदरा घातला की तो बराच सभ्य दिसतो. हिच्या घरी मदतीला कुणी नाही, नवरा हाताशी नाही, तरी हिची वाक्यं एवढी धुतल्यासारखी कशी? ही जेवते कधी? झोपते कधी? कुठेतरी गोम असणारच.

आणि त्या आठवड्यात ती गोम तिला सापडली. निदान तिला तसं वाटलं.

गावात तापाची साथ आली होती. सगळ्या शाळा आठवडाभर बंद. इन्स्पेक्टर घरीच होती, आणि बटणाने रिमोट कुठे नेला याची चौकशी करत सगळे खण उपसत होती. मंगळवारी सकाळी तिने एका हाताने इन्स्पेक्टरच्या ब्रेडला लोणी लावत खिडकीचं नवं लिखाण उघडलं.

'समोरच्या शाळेच्या मैदानावर कवायत चालू आहे. शिट्टी वाजली की सगळे हात वर, आणि एक जण मात्र हटकून खाली.'

सुरी लोण्यातच थांबली.

"अगं, शाळा बंद आहे ना?" तिने स्वतःशीच म्हटलं की मोठ्याने, कोण जाणे. इन्स्पेक्टरने मात्र लगेच उत्तर दिलं, "बंद आहे. तूच सांगितलंस. का विचारतेस?"

पकडली! तिला अगदी हर्ष झाला. म्हणजे बाईसाहेबसुद्धा रविवारीच डबे भरतात आणि 'चालू आहे' म्हणून आम्हाला टोप्या घालतात. तिने हसत हसत निरोप पाठवला. 'खिडकीताई, शाळेला कुलूप आहे. शिट्टी कोण वाजवतंय? टोपीवाला?'

उत्तर आलं नाही. अर्थात दोन लहान मुलांच्या आईने लगेच उत्तर द्यायला ती काही लिफ्ट कंपनीची तक्रार खिडकी नव्हती. बुधवारी सकाळी सातला खिडकीचं लिखाण आलंच. तारेवर अडकलेल्या बुटाबद्दल होतं आणि छान होतं. झालं तर मग. बरी आहे.

गुरुवारच्या लिखाणाबरोबर तान्हीचा फोटो होता. बोळकं पसरून हसणारी. खाली वाचकांचा पूर लोटला होता. 'किती गोड!' 'तुमचं वाचलं की दिवस छान जातो!' 'एवढी प्रसन्न कशी राहता हो?'

ती फोटो मोठा करून बघत राहिली. काहीतरी खुपत होतं. मग तिने मागे जाऊन सोमवारचा फोटो शोधून काढला. सोमवारी तान्हीच्या खालच्या हिरडीत तांदळासारखे दोन दात होते. खिडकीने त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. गुरुवारी हिरडी कोरी.

दात उगवतात, पडतात. पण सोमवारी उगवलेले दात गुरुवारी परत आत जातात, असं तिने कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं, आणि तिने पुस्तकं पुष्कळ वाचली होती.

"जुना फोटो लावला असेल," नवरा दाढी करता करता म्हणाला. "त्यात काय एवढं? तू नाही का माझा लग्नातला फोटो लावत, केस असलेला?"

"ते ठीक आहे. पण हे बघ, वाचकांना उत्तर नाही. एकालाही नाही. ती कुणाला सोडत नाही रे. मागे कुणीतरी नळाच्या तोट्यांची जाहिरात टाकली होती तिच्या पोस्टखाली, तिलासुद्धा हिने उत्तर दिलं होतं, 'धन्यवाद, आमचे नळ बरे आहेत, तुमचे कसे आहेत?' अशी बाई सोमवारपासून गप्प?"

"फोन कर."

"कालच केला. नुसता वाजत राहिला. आज तर बंदच लागतोय."

नवऱ्याचा वस्तरा गालावर थांबला. आरशातून तिच्याकडे बघत तो म्हणाला, "लिफ्टमध्ये एक घंटेचं बटण असतं. माणूस अडकला की दाबतो. तुमच्या या ब्लॉगला तसं काही आहे का?"

"नाही."

"मग बाहेरच्याला कळणार कसं, की आत माणूस आहे आणि लिफ्ट अडकलीय?"

सोफ्याखालून काहीतरी सरपटत बाहेर आल्यासारखं तिला वाटलं. आईचा आवाज. मी इकडे वाचून हसत बसायचं.

आत्ताच्या आत्ता निघावं असं तिला वाटलं. पण लगेच दुसरं मन म्हणालं, अगं, तुझं हे नेहमीचंच. झोपलेल्या मुलांच्या नाकापुढे बोट धरणारी तू. माहेरी गेली असेल. फोन बिघडला असेल. तू दोन मुलं घेऊन धापा टाकत जाशील, ती दार उघडून म्हणेल, 'उतूबाई, स्तंभासाठी हेरगिरी का?' शिवाय खिडकीला कुणी विचारपूस केलेली खपत नसे. 'आई ग्गं, कसं करत असशील एकटी' असं कुणी म्हटलं, की ती म्हणायची, "असंच करते, दोन हातांनी."

शुक्रवारी सकाळी सातला दोन लिखाणं प्रसिद्ध झाली. तिचं स्वतःचं, आणि खिडकीचं. तिचं होतं वाफाळत्या सूपाबद्दल, आणि त्या वेळी ती प्रत्यक्षात बटणाने गादीवर केलेली ओल पुसत होती. हातात फडका घेऊन तिने आपलं सूप वाचलं. किती सुखी बाई होती ती, सूपवाली. तिच्या घरी काही बिनसलंय असं तिच्या आईलासुद्धा वाटलं नसतं.

फडका तिथेच टाकून ती उठली.

"इन्स्पेक्टर, बूट घाल. आपल्याला एक खिडकी शोधायचीय."

"कुणाची?"

"टोपीवाल्या दादाची."

"ती हरवली?"

"तेच बघायचंय."

पत्ता नव्हता. एवढंच आठवत होतं, की खिडकी पाण्याच्या टाकीपाशी बस पकडते. बसमध्ये बटणाला मांडीवर दाबून धरत, आणि थांबण्याची घंटा वाजवायच्या बटणापासून त्याचा हात दूर ठेवत, ती खिडकीच्या जुन्या पोस्ट एकामागून एक वाचत गेली. इतके दिवस या वाक्यांत तिने शैली शोधली होती, कमतरता शोधल्या होत्या. आज ती त्यांच्यात रस्ता शोधत होती. टाकी डाव्या हाताला. शाळेचं फाटक अर्धंच दिसतं, बाकीचं भिंतीआड. समोर कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावर पत्र्याची माणसाएवढी किल्ली टांगलेली, वारा सुटला की करकरते. 'तिची मूठ माझ्याकडे, दात शाळेकडे. म्हणजे उघडायची असेल तर शाळा, मी नाही.' हे वाक्य वाचून तिला केवढा हेवा वाटला होता! आज ते नकाशासारखं उपयोगी पडत होतं.

टाकीपाशी उतरून ती टाकी डावीकडे येईल अशी उभी राहिली. मग चालायला लागली. एक गल्ली चुकली, परत फिरली. शेवटी करकर ऐकू आली आणि मान वर केली तर किल्ली. मूठ कुठे? उजवीकडे. म्हणजे उजव्या हाताची इमारत. पण तिथे एकासारख्या एक तीन इमारती उभ्या, सगळ्यांना चौथा मजला.

"आई, आपण काय शोधतोय ते मला नीट सांगितलंच नाहीस," इन्स्पेक्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"अशी खिडकी, जिच्यात झाड लावलेली जुनी किटली आहे."

"निळी?"

"निळी की काय ते माहीत नाही गं."

"निळी आहे," इन्स्पेक्टरने मधल्या इमारतीकडे बोट दाखवलं. "पण झाड झोपलंय."

किटलीतलं झाड कडेवरून खाली लोंबत होतं. सुकलेलं. याच झाडाबद्दल खिडकीने लिहिलं होतं, की मी पाणी प्यायला विसरले तरी याला पाजायला विसरत नाही.

लिफ्ट बंद होती. एरवी तिने त्यावर नवऱ्याला ऐकवायला दोन-तीन वाक्यं तयार केली असती. आज ढकलगाडी खालीच सोडून, बटणाला काखोटीला मारून, इन्स्पेक्टरचा हात धरून ती जिना चढली. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एकापुढे छोटे छोटे बूट. तिने घंटी दाबली. बटणानेही दाबली. आज तिने त्याला थांबवलं नाही.

आतून पावलांचा आवाज आला, हलका. दाराच्या खालच्या बाजूने, अगदी फटीपाशी, कुणीतरी श्वास घेत होतं.

"कोण आहे?" टोपीवाला.

"मी उतूमावशी रे. बागेतली. आई कुठे आहे?"

"आई झोपलीये."

"केव्हापासून?"

बराच विचार झाला. "आई झोपली. मग उठली. मग परत झोपली. बाळ रडलं. आता बाळ पण झोपलं."

ती दाराच्या फटीपाशी उकिडवी बसली. आवाज तिने सांभाळला. मुलांपुढे आवाज सांभाळायची सवय आईपणात लागते, ती त्या दिवशी कामाला आली.

"राजा, आईला हलव बरं. सांग, उतूमावशी आलीये आणि तिला खूप तहान लागलीये. पाणी हवंय म्हणावं."

पावलं गेली. काहीतरी पडलं. मग भिंतीला घासत, थांबत थांबत कुणीतरी येत असल्याचा आवाज. कडी निघायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात समोरचं दार उघडून एक वयस्कर काकू बाहेर आल्या.

"कोण हवंय?"

उत्तर द्यायच्या आत इकडचं दार उघडलं. खिडकी उभी होती, म्हणजे दाराच्या चौकटीने तिला उभं धरलं होतं. ओठांना भेगा, डोळे खोल गेलेले, अंगावर गाऊन उलटा. तिच्या मागे, जमिनीवर पसरलेल्या गादीवर तान्ही निजलेली. उतूबाईने आधी झटकन आत शिरून तान्हीच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास लागला. ऊन, नियमित. मग तिने मागे वळून खिडकीला पडता पडता धरलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"उतूबाई," खिडकी पुटपुटली, "आजचं गेलं का गं वेळेवर?"

"गेलं बाई, गेलं. तू बस आधी."

"अगंबाई!" काकू दारातच तोंडावर हात ठेवून उभ्या. "हिला काय झालं? मी तर रोज वाचते हो हिचं! आज सकाळी पण वाचलं. सुनेला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, एकटी असून कशी मजेत असते. दार बंद दिसलं तर वाटलं, लिहीत बसली असेल, कशाला त्रास द्यायचा."

काकूंना काय बोल लावायचा! ती स्वतः तरी काय करत होती? मंगळवारपासून ती दात मोजत होती.

काकूंच्या पायात मात्र वारं शिरलं. गल्लीतल्या डॉक्टरांना त्यांनी जवळजवळ ओढतच वर आणलं. डॉक्टर धापा टाकत म्हणाले, साथीचाच ताप आहे, पण अंगातलं पाणी संपत आलंय, सलाइन लावावं लागेल, लगेच. "दूधही आटलं असणार. बाळाला काय दिलंत?" खिडकीने डब्यातल्या दुधाच्या पावडरीकडे बोट दाखवलं. ती एक गोष्ट तिने चुकवली नव्हती. उठायची, बाटली भरायची, टोपीवाल्याच्या हातात बिस्किटांचा पुडा द्यायची, परत पडायची. फोन मोरीतल्या बादलीत पडून होता. टोपीवाल्याने त्याला आंघोळ घातली होती.

लिफ्ट कंपनीची गाडी घेऊन नवरा आला. खिडकीला त्याने आणि काकूंच्या मुलाने खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. उतरवता उतरवता तो बंद लिफ्टकडे असं काही बघत होता, की जणू तिने त्याच्या घराण्याचं नाव घालवलं होतं.

दवाखान्यात हाताला सुई, डोक्यावर ओली पट्टी अशा थाटात पडलेली खिडकी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जरा माणसात आली. दोन्ही मुलं उतूबाईकडे. म्हणजे एकूण चार, आत्ता नवऱ्याच्या ताब्यात. घराची अवस्था काय होती ते विचारू नये.

"समोर काकू होत्या. एक हाक मारायचीस," ती रागानेच म्हणाली. रागावल्यावर तिला बरं वाटत होतं.

"पहिल्या दिवशी वाटलं, उद्या उतरेल."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"खरं सांगू? डबे भरलेले होते ना, त्यामुळे निर्धास्त होते. वाटलं, चला, कुणाला पत्ता लागणार नाही, कुणी कीव करायला येणार नाही. बरं वाटलं होतं मला त्याचं. मग ताप चढला आणि उठून दारापर्यंत जाववेना. तेव्हा पडल्या पडल्या वाटायचं, आता आज सातला ते जाणार. लोक वाचणार. खाली छान छान लिहिणार. म्हणजे आजही कुणी येणार नाही." खिडकीने मान वळवली. "तू कशी आलीस?"

"तुझ्या पोरीचे दात आत गेले म्हणून."

खिडकीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि नर्सने येऊन दोघींना दटावलं.

तेवढ्यात उतूबाईच्या फोनवर नवं काही आल्याची टिणटिण झाली. दोघींनी एकदम फोनकडे पाहिलं. सात वाजले होते. 'चौथ्या मजल्याची खिडकी. आज सकाळी उठल्या उठल्या खिडकी उघडली आणि...' उठल्या उठल्या! दवाखान्याच्या खाटेवर पडून, सलाइनच्या नळीशेजारी, खिडकीने आपल्याच त्या ताज्यातवान्या सकाळीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"ही बाई कोण गं?" ती म्हणाली. "बरी दिसतेय."

घरी परतल्यावर उतूबाईने आपले उरलेले डबे उघडले. रविवारचा होता बागेतल्या झोपाळ्याबद्दल, चांगला जमलेला. तो तिने काढून टाकला. रविवारी सकाळचे सात आले आणि गेले, आणि 'उतू जाण्याआधी' गप्प राहिलं. सव्वासातला आईचा फोन आला. "काय गं? आज काही आलं नाही. ठीक आहेस ना?"

"ठीक आहे आई," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, तिला एकदम रडूच फुटलं. "तू केलास ना फोन."

मग संपादकबाईंना तिने कळवलं, की खंड पडला आहे. माझा पडलाय, तिचाही पडणार आहे, आणि स्तंभ द्यायचा असेल तर दोघींना मिळून द्या, एक आजारी पडली की दुसरी लिहील आणि तसं सांगेलही. त्यांचं उत्तर काय येतं याची उत्सुकता तिला होतीच. पण त्याआधी तिला एक गोष्ट करायची होती. भर दुपारी, बागेत न जाता घरातच धुडगूस घालणाऱ्या चार मुलांच्या मधोमध, मांडीवर बटण आणि खांद्यावर खिडकीची तान्ही, अशी ती स्टुलावर बसली आणि एका अंगठ्याने लिहीत गेली. वेळ लावली नाही. लिहून झाल्या झाल्या पाठवून दिलं. शेवटी तिने लिहिलं होतं:

'हे आत्ता लिहिलंय. मागून आरडाओरडा चालू आहे तोही आत्ताचाच. तुमच्याही ओळखीची अशी कुणीतरी असेल. जिचं सगळं रोज वेळेवर येतं, फोटो छान असतात, आणि जिच्याबद्दल तुम्ही म्हणता, हिला बरं जमतं. तिचं नाव आत्ता तुमच्या डोक्यात आलंय. तर आज तिचं वाचू नका, खाली काही गोड लिहूही नका. उठा आणि जाऊन बघा. लांब असेल तर फोन करा, आणि ती स्वतः बोलेपर्यंत ठेवू नका. दारातूनच म्हणाली, "मी मजेत," तरी निघू नका. तहान लागलीये म्हणा, पाणी मागा. म्हणजे तिला तुम्हाला आत घ्यावंच लागेल.'